सभेतल्या वादात समोरच्याचं बोलणं ताणू नये म्हणून: नव्यानं सभांना जाणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात सोसायटीच्या कमिटीवर पहिल्यांदाच निवडून आला असाल, पेठेतल्या मंडळाच्या बैठकीला नुकतेच बसू लागला असाल, किंवा पूररेषा, हद्दवाढ अशा विषयावरच्या सभेत पहिल्यांदा बोलणार असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आपल्या शहरात माणूस मत लपवत नाही. कट्ट्यावर, तालमीत, चहाच्या गाड्यावर, जिथं चार जण जमतील तिथं विषय निघतो आणि बाजू पडतात. मला हे मनापासून आवडतं. पण त्याच जोशात एक सवय लागते. समोरचा बोलला त्यापेक्षा मोठं वाक्य त्याच्या तोंडात घालायचं आणि मग त्या मोठ्या वाक्यावर तुटून पडायचं. टाळ्या मिळतात, कधीकधी ठरावही मिळतो. प्रश्न मात्र होता तिथंच राहतो, आणि ज्याचं वाक्य ताणलं तो माणूस पुढच्या सभेला येत नाही.

मी आमच्या अपार्टमेंटचं सचिवपद सांभाळलं आहे आणि पुराच्या विषयावरच्या गल्लीबैठकांचं टिपण बरीच वर्षं ठेवत आले आहे. टिपण घेणाऱ्याला एक गोष्ट दिसते, ती बोलण्याच्या भरात असलेल्यांना दिसत नाही. वहीत लिहिलेलं वाक्य आणि पाच मिनिटांनी ज्याच्यावरून भांडण पेटलेलं असतं ते वाक्य, ही दोन वेगळी असतात. पुढच्या पायऱ्या तो फरक पुन्हा पुन्हा बघून तयार झाल्या आहेत. त्या सगळ्यांचं मूळ एकच आहे: समोरचा ज्या वाक्याखाली सही करेल, त्याच वाक्याला उत्तर द्यायचं.

सोबत काय हवं

- साधी वही आणि पेन. सभेत मोबाईलवर टाइप करू नका. समोरच्याला वाटतं आपल्याकडं लक्ष नाही, आणि रेकॉर्डिंग चाललंय की काय अशी शंकाही येते. रेकॉर्डिंग हवंच असेल तर सुरुवातीलाच सगळ्यांना विचारून करा.
- सभेची नोटीस. आज कोणते विषय आहेत आणि कोणते नाहीत, हे तिच्यावरच लिहिलेलं असतं.
- मागच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत. बऱ्याच ठिकाणी याला प्रोसिडिंगच म्हणतात. सचिवांकडं मागा.
- ज्या नियमावर वाद होणार तो नियम, छापून. सांगोवांगीची माहिती उपयोगाची नाही.

1. विषयाचा कागद आधी वाचून जा

ताणाताणी सगळ्यात जास्त तिथं होते, जिथं मूळ नियम कुणीच वाचलेला नसतो. मग कुणाच्याही वाक्याला हवा तेवढा रुंद अर्थ लावता येतो. दोन विषय सांगते, कारण कोल्हापुरात राहून या दोन्हींपासून सुटका नाही.

पहिला पूररेषेचा. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची हद्द. लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामधला नियंत्रित. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 ला आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. एवढं डोक्यात असलं की 'निळ्या रेषेच्या आत' आणि 'जिथं जिथं पुराचं पाणी आलं तिथं' ही दोन वेगळी क्षेत्रं आहेत हे कळतं. मग एकाबद्दल बोललेल्या माणसाला दुसऱ्याचा जाब विचारायची वेळ येत नाही.

दुसरा गणपतीतल्या आवाजाचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, आणि त्या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस. आता बघा, 'डॉल्बी नको', 'दहानंतर नको' आणि 'मर्यादेत वाजवा' या तीन निराळ्या मागण्या आहेत. बैठकीत तिघांनाही एकच उत्तर मिळतं: "म्हणजे मिरवणूकच बंद करा!" नियम वाचून गेलेला माणूस निदान तिघांना तीन उत्तरं देतो.

2. बोललेलं वाक्य जसंच्या तसं उतरवा

समोरचा बोलत असताना त्याचं मुख्य वाक्य त्याच्याच शब्दांत लिहा. सारांश नको. सारांश करताना आपला हात नकळत आपल्या बाजूला वळतो. एका माणसाच्या भाषणात लिहून घेण्यासारखं वाक्य एखादंच असतं, बाकी रागलोभ असतो. तेव्हा फार लिहावं लागेल ही भीती नको.

लिहून झालं की लहान शब्दांभोवती गोल करा: नवीन, काही, बहुतेक, निदान, सध्या, शक्य असेल तर, अमुक होईपर्यंत. वाक्य ताणताना सगळ्यात आधी हेच गळतात. मी कार्यकर्त्यांच्या पहिल्या बैठकीला कुणी सोबत आलं तर एवढंच काम देते, गोल करायचं. बाकी सगळं नंतर जमतं.

3. वाक्य कुठं ताणलं जातं ते ओळखा

इथं थोडं थांबून वाचा, कारण बाकीच्या पायऱ्या यावर उभ्या आहेत.

समजा, सुतारमळ्याच्या बाजूच्या एका बैठकीत एक काकू उठून म्हणतात, "निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी देऊ नये, निदान नाल्यांची मोजणी होईपर्यंत तरी." साधं वाक्य आहे. त्यावर येणारी उत्तरं बघा.

"म्हंजे आमची घरं पाडायचीत काय?" यात 'नवीन' गेलं. काकू उद्याच्या बांधकामाबद्दल बोलल्या, उत्तर आजच्या घराबद्दल आलं. हे उत्तर देणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. त्याला खरंच घराची भीती असते, आणि भीतीनं 'नवीन' हा शब्द ऐकूच दिलेला नसतो. त्यामुळं त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. शब्द परत ऐकवावा लागतो.

"म्हणजे शहरानं वाढायचंच नाही." यात जागेची मर्यादा गेली. निळ्या रेषेचं अख्खं शहर झालं.

"कायमची बंदी मागतायत." यात मुदत गेली. 'मोजणी होईपर्यंत' ही अट होती. अट काढली की प्रस्ताव हट्टासारखा दिसायला लागतो.

"ह्यांना कुणीतरी बोलायला लावलंय." यात वाक्याला हातच लावलेला नाही, हेतू चिकटवला आहे. हा प्रकार सगळ्यात वाईट, कारण हेतू सिद्ध करता येत नाही आणि खोडताही येत नाही. काकू पुढची दहा मिनिटं आपण कुणाच्या सांगण्यावरून आलो नाही हे सांगत बसतात, आणि नाल्यांची मोजणी राहून जाते.

"पर्यावरणवाल्यांचं हे नेहमीचंच." यात एका बाईचं वाक्य एका गटाच्या खात्यावर टाकलं. त्या गटातलं कोण कधी काय बोललं त्या सगळ्याचं उत्तर आता काकूंनी द्यायचं.

उलट बाजूनंही हेच होतं, हे विसरू नका. कुणी म्हणालं, "ज्यांची मंजूर नकाशाची घरं आहेत त्यांना दुरुस्तीची परवानगी मिळू दे," की लगेच समोरून येतं, "बिल्डरांना रान मोकळं करून द्या म्हणा की." दुरुस्तीचं बांधकाम झालं, मंजूर नकाशावाल्यांचे बिल्डर झाले. ताणायची सवय कुठल्याच एका बाजूची मक्तेदारी नाही. आपण ज्या बाजूचे, तिकडची ताणाताणी आपल्याला कमी ऐकू येते, म्हणून वहीत दोन्ही बाजूंची वाक्यं लिहायची.

या खोडीला आपल्याकडच्या न्यायदर्शनात, म्हणजे तर्क आणि चर्चेच्या शास्त्रात, फार जुन्या काळी जागा दिलेली आहे. तिथं चर्चेचे तीन प्रकार केलेत. खरं काय ते शोधण्यासाठी केलेला तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसती दुसऱ्याची मोडत बसणं ती वितंडा. बोलणाऱ्याला अभिप्रेत नसलेला अर्थ त्याच्या वाक्याला लावून ते खोडणं म्हणजे छल, आणि तो वादात चालत नाही, जल्पात चालतो. छलाचे पुन्हा तीन प्रकार: शब्दाचा भलता अर्थ घेणं हा वाक्छल, मर्यादित विधान सगळीकडं लागू करून टाकणं हा सामान्यछल, आणि लाक्षणिक बोलणं अक्षरशः घेणं हा उपचारछल. 'निळ्या रेषेच्या आत नको' याचं 'शहरात कुठंच नको' करणं हा सरळसरळ सामान्यछल आहे. आपण सभेला जाताना आज वाद घालायला चाललोय की जल्प, हे आधी ठरवून जावं. दोन्हींसाठी तयारी वेगळी लागते, आणि हा लेख फक्त पहिल्यासाठी आहे.

4. उत्तराआधी त्याचं म्हणणं परत सांगा आणि होकार घ्या

उभं राहिल्यावर पहिलं वाक्य तुमच्या मताचं नको. समोरच्याच्या मताचं पाहिजे. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडून मग उत्तरपक्ष येतो, तोच क्रम.

वडीलधारे असतील तर: "तात्या, तुमचं म्हणणं मला असं समजलं की मिरवणूक असावी, पण दहानंतर साऊंड सिस्टीम नको, फक्त पारंपरिक वाद्यं चालतील. बरोबर सांगितलं का?"

बरोबरीचा असेल तर: "भावा, तू म्हणालास ते असं ना, की वर्गणी वाढवायला तुझी ना नाही, पण हिशेब आधी लावावा?"

आणि मग गप्प राहा. होकार येईपर्यंत पुढं जायचं नाही. ही शांतता नव्या माणसाला अवघड जाते, कारण सगळे आपल्याकडं बघत असतात. तरी थांबा.

इथं अडकण्याच्या जागा बऱ्याच आहेत.

'म्हणजे' हा शब्द टाळा. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का..." या सुरुवातीनंतर आपल्या तोंडून बहुतेक वेळा ताणलेलंच वाक्य निघतं. शिवाय समोरचा 'म्हणजे' ऐकल्याबरोबर सावध होतो. "तुम्ही म्हणालात" अशी सुरुवात केली की आपण आपोआप त्याच्या शब्दांजवळ राहतो.

प्रश्नाच्या रूपात ताणू नका. "मी तर फक्त विचारलं" असं नंतर म्हणता येतं, पण "मग गणपतीच बसवायचा नाही का?" हा प्रश्न सभेत विधानासारखाच काम करतो. लोक प्रश्न विसरतात, आरोप लक्षात ठेवतात.

परत सांगताना आवाज बदलू नका. शब्द तेच ठेवून सूर असा लावता येतो की माणूस मूर्ख वाटावा. लोक हसले तर तुम्ही ही पायरी पाळलेली नाही असंच समजा आणि पुन्हा नीट सांगा.

समोरचा म्हणाला, "नाही, मला तसं नाही म्हणायचं," तर त्याला दुरुस्त करू द्या. वहीतलं वाक्य खोडा आणि नवीन लिहा. "मगाशी तर तुम्ही असंच म्हणालात!" म्हणून धरून ठेवू नका. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते जरा सुधारून घ्यावंसं वाटणं हे चांगलं लक्षण आहे. त्याला जुन्या वाक्यात कोंडून जिंकलात, तर तुम्ही त्यानं सोडून दिलेल्या मताला हरवलंत.

शेवटचं, आणि हे मी आग्रहानं सांगते: समोरच्यानं वाक्य अर्धवट मांडलं असेल तर त्याची चांगली बाजू तुम्ही पूर्ण करा. हद्दवाढीचंच घ्या. नगरपालिकेची महानगरपालिका 1972 ला झाली, आणि शेजारच्या गावांना शहरात घेण्याचा वाद इथं दशकानुदशकं चालू आहे. गावाकडचा माणूस सभेत नुसतं म्हणतो, "आमचा विरोध आहे." त्याला 'विकास नको असलेला' ठरवणं सोपं आहे. पण त्याच्या विरोधामागं घरफाळा वाढण्याची काळजी असते, शेतजमिनीवर आरक्षण पडण्याची भीती असते, आपली ग्रामपंचायत जाऊन कारभार लांबच्या कार्यालयात जाईल हे असतं. ते तुम्ही मांडा, त्याचा होकार घ्या, आणि मग शहराची बाजू सांगा. शहराच्या बाजूनं बोलणाऱ्यालाही गावकऱ्यांनी तेच करावं. लोकसंख्या वाढते, सोयींवरचा भार वाढतो, नियोजनाला जागा लागते, या गोष्टी 'आमच्या जमिनी गिळायच्या आहेत' एवढ्यात मावत नाहीत.

5. परिणाम दाखवायचा असेल तर तो तुमच्या नावावर दाखवा

कुणाच्या प्रस्तावातून पुढं काय होईल हे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ते ताणणं नव्हे. फरक एवढाच ठेवायचा की परिणाम हा तुमचा अंदाज आहे, त्याची मागणी नाही.

चुकीचं: "सावंतकाकांना सोसायटीचा वॉचमन काढून टाकायचाय."

बरोबर: "काका म्हणाले मेंटेनन्स वाढवू नये. माझा अंदाज असा आहे की तसं केलं तर वॉचमनचा पगार निघणार नाही. काकांना हा हिशेब वेगळा दिसत असेल तर त्यांनी सांगावं."

दुसऱ्या प्रकारात काकांना बोलायला जागा राहते. कदाचित त्यांच्याकडं पार्किंगच्या भाड्याचा किंवा थकबाकी वसुलीचा उपाय असेल. पहिल्या प्रकारात ते वॉचमनबद्दल आपल्या मनात आकस नाही हे सांगण्यातच अडकतील, आणि खाली गेटवर बसलेल्या त्या माणसाच्या कानावर संध्याकाळपर्यंत काय जाईल ते वेगळंच.

6. बोलीतली अतिशयोक्ती पकडून भांडू नका

आपली बोलीच वाढवून सांगणारी आहे. 'जगात भारी' म्हणणारं गाव आहे हे. पुराबद्दल बोलताना माणूस म्हणतो, "सगळं कोल्हापूर पाण्यात होतं आणि एक माणूस फिरकला नाही." त्याला लगेच "सगळं कुठं? मंगळवार पेठेत पाणी नव्हतं" म्हणून पकडणं, किंवा "एकही नाही म्हणता, तालमीची पोरं आली होती की" म्हणून खोटं पाडणं, हाही छलच आहे. वर सांगितलेला तिसरा, उपचारछल. त्याच्या बोलण्यातला अर्थ असा असतो की त्याच्या गल्लीत पाणी होतं आणि त्याला वेळेवर मदत मिळाली नाही. तेवढ्याला उत्तर द्या.

पुराच्या बैठकांत हे फार जपावं लागतं. घरातलं सगळं सामान पाण्यात गेलेला माणूस मोजून मापून बोलत नाही, आणि त्यानं तसं बोलावं ही अपेक्षाही करू नये. त्याला विचारा, "तुमच्याकडं पाणी कितीपर्यंत आलं? कुणाला फोन केला होता? कधी?" तीन प्रश्नांत त्याचं मोठं वाक्य आपोआप नेमकं होतं, आणि ते नेमकं वाक्य अधिकाऱ्यांपुढं मांडायला उपयोगी पडतं. कुंभार गल्लीत, सुतारमळ्यात, नागाळा पार्काच्या सखल भागात राहणाऱ्यांनी अशीच नेमकी माहिती दिली तर पुढच्या पावसाळ्याआधी कुठली गल्ली आधी रिकामी करायची याची यादी होऊ शकते. "एकही नाही म्हणता" म्हणून तोंड बंद केलं तर ती माहिती त्या माणसाबरोबर घरी जाते.

अर्थात, ठरावात अतिशयोक्ती नको. बोलताना 'सगळं गाव' चालेल, लेखी निवेदनात गल्लीचं नाव आणि घरांचा आकडाच पाहिजे.

7. तुमचं वाक्य कुणी ताणलं तर

हे होणारच. तयारी करून ठेवा.

पहिली गोष्ट, ताणलेल्या वाक्याचा बचाव करायचा नाही. तुम्ही म्हणालात "दहानंतर साऊंड नको," उत्तर आलं "तुम्हाला आमचा सण खुपतो." आता सण किती आवडतो, लहानपणापासून आरतीला कसे जाता, घरी गणपती किती वर्षांचा आहे, हे सांगू लागलात की विषय हातातून गेला. त्यापेक्षा तुमचं मूळ वाक्य पुन्हा म्हणा, शब्द न बदलता: "मी म्हटलं, दहानंतर साऊंड नको. दहापर्यंत वाजवायला माझी हरकत नाही." दुसऱ्यांदा ताणलं तर पुन्हा तेच. शब्द बदललेत तर समोरच्याला वाटतं तुम्ही मागं सरकलात, आणि नवे शब्द ताणायला नवी जागा मिळते.

दुसरी गोष्ट, उलट ताणू नका. "तुम्हाला म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जीवच घ्यायचाय" हे वाक्य त्या क्षणी ओठावर येतं. गिळा. दोन ताणलेली वाक्यं समोरासमोर आली की अध्यक्षांना दोघांना शांत करण्यापलीकडं काही करता येत नाही, आणि सभा तहकूब होते.

तिसरी, अध्यक्षांचा आधार घ्या. "अध्यक्षसाहेब, माझं वाक्य इतिवृत्तात मी बोलले तसं घ्यावं" एवढं म्हणा. आरोप करायची गरज नाही. सचिवांनी वाक्य मोठ्यानं वाचलं की ताणलेलं आणि खरं यांतला फरक सगळ्यांना आपोआप ऐकू येतो. मी सचिव असताना कुणीही असं मागितलं तर लगेच वाचून दाखवत असे, मग तो कुठल्याही गटाचा असो. तुम्ही सचिव झालात तर हे आवर्जून करा.

चौथी गोष्ट दुसऱ्यासाठी उभं राहण्याची. नव्यानं बोलणारी बाई, भाड्यानं राहणारं कुटुंब, कॉलेजातला मुलगा, यांचं वाक्य ताणलं की ते पुन्हा हात वर करत नाहीत. त्यांच्या मताशी तुमचं पटत नसलं तरी उठून सांगा, "वहिनी असं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या की पाण्याची टाकी महिन्यातून एकदा धुवावी. मला ते खर्चिक वाटतं, पण त्या एवढंच म्हणाल्या." सभेत तुमच्या शब्दाला वजन येतं ते विरोधकाचं वाक्य सरळ ठेवल्यानं. नव्या लोकांना वाटतं वजन आवाजानं येतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मोठ्या सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांत एका बाजूनं 'मंजूर, मंजूर' आणि दुसऱ्या बाजूनं 'नामंजूर' अशा घोषणा चालू असताना यातलं काहीच जमत नाही. तिथं तोंडी बोलण्यात शक्ती घालवू नका. प्रश्न सभेच्या आधी लेखी द्या आणि पोच घ्या. लेखी वाक्य निदान ताणून वाचता येत नाही.

आणि सभेनंतर जे ग्रुपवर येतं, "आज अमुक असं असं बोलले," त्याला तिथं उत्तर देत बसू नका. त्या माणसाला फोन करा. फोनवर माणूस चटकन "तसं नव्हतं म्हणायचं मला" म्हणतो, चारशे जणांसमोर म्हणत नाही.

8. इतिवृत्तात वाक्य सरळ उतरलंय का ते बघा

सभेत ताणलेलं वाक्य विरून जातं, कागदावर उतरलेलं राहतं. पुढच्या कमिटीला, निबंधक कार्यालयाला, कुणी तक्रार केली तर सुनावणीत, तोच कागद दाखवला जातो. म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका.

मसुदा मिळाल्यावर हे तपासा:

- 'अमुक यांनी विकासाला विरोध केला' असं काही आहे का? तसं असेल तर ते मत आहे, नोंद नाही. त्यांनी कुठल्या ठरावाला, कुठल्या कारणानं विरोध नोंदवला ते लिहिलं पाहिजे.
- 'सर्वानुमते' लिहिलंय आणि विरोध झाला होता का? मग 'बहुमताने' असं हवं, आणि विरोध करणाऱ्यांची नावं, त्यांनी तशी मागणी केली असेल तर.
- ठरावाचे शब्द सूचकानं वाचले तेच आहेत का? 'नवीन', 'सध्या', 'होईपर्यंत' हे शब्द टाइप करताना गळतात. तुमच्या वहीतले गोल इथं कामाला येतात.
- 'सविस्तर चर्चा झाली' एवढ्यावर एखादा वादाचा विषय संपवलाय का? दोन्ही बाजूंचं एकेक वाक्य घालायला सांगा.

दुरुस्ती लेखी द्या, सचिवांना उद्देशून, आणि त्यात तुमच्या बाजूचं वाक्य सुधारून मागताना विरोधकाच्या वाक्यातली चूकही दाखवा. सचिवांचा तुमच्यावर विश्वास बसतो आणि दुरुस्ती लवकर होते.

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्या नोटिशीवर पहिला विषय बहुतेक असतो तो 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. दुरुस्ती सांगायची ती कायम होण्याआधी, हात वर करून, वाक्य वाचून. हा विषय पहिल्या पाच मिनिटांत उरकतो, तेव्हा त्या दिवशी वेळेच्या आधी जाऊन पुढच्या रांगेत बसा आणि जुनी वही सोबत न्या.